ऑटिस्टिक प्रौढ ग्राहक आणि मेडिकलमधला स्टाफ : प्रशिक्षणात काय काय हवं?

गुळवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या केमिस्ट संघटनेनं पुढच्या बैठकीत मला दीड तास दिला आहे. विषय मीच मागून घेतला: ऑटिस्टिक (स्वमग्न) प्रौढ माणूस औषध घ्यायला काउंटरवर येतो, तेव्हा दुकानातल्या प्रत्येकाला काय यायला हवं. "पण तो लहान मुलांचा विषय ना?" असं सचिवांनी विचारलं. लहान मुलं मोठी होतात आणि त्यांच्या गोळ्याही त्यांच्यासोबत मोठ्या होतात, एवढं सांगितल्यावर वेळ मिळाला.

थोडी पार्श्वभूमी. ऑटिझमवर म्हणून असं औषध नाही. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल यांना अमेरिकेत २००६ आणि २००९ मध्ये मान्यता मिळाली, तीही ऑटिझमसोबतच्या तीव्र चिडचिडीसाठी आणि मुलं-किशोरांपुरती. प्रौढ माणसाच्या हातातली चिठ्ठी बहुधा सोबतच्या गोष्टींची असते: फिट्स, झोप, चिंता, नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता), पोट साफ न होणं. फिट्सचे डॉक्टर वेगळे, मानसोपचारवाले वेगळे, ताप-खोकल्याला गल्लीतले डॉक्टर. तिघांना एकमेकांच्या गोळ्या माहीत असतातच असं नाही. तिन्ही चिठ्ठ्या जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे आपलं दुकान.

आणि तिथे चिठ्ठी हातात घेतो कोण? बऱ्याचदा फार्मासिस्ट नाही, काउंटरवरचा मुलगा. औषध फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं हा कायदा सगळ्यांना माहीत आहे आणि प्रत्यक्षात काय चालतं तेही. म्हणून भिंतीवर ज्याचं रजिस्ट्रेशन लावलंय तेवढ्याच माणसाला बोलवायचं नाही, असं मी सांगून ठेवलंय.

माझा पहिला भर सूचनांवर आहे. चिठ्ठीवर "१-०-१" असतं आणि आपण तोंडी म्हणतो "एक गोळी सकाळ-संध्याकाळ". एकच गोळी दोन वेळांत, की दोन्ही वेळा एकेक? बाकीचे अंदाज बांधतात. शब्द जसाच्या तसा घेणारा माणूस अर्धी-अर्धी घेईल, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसेल. "जेवणानंतर", "लागली तर", "थोडे दिवस घ्या", "बरं वाटलं की बंद करा". ही सगळी वाक्यं मला काउंटरवरून हद्दपार करायची आहेत.

दुसरा भर कंपनी परस्पर बदलण्यावर. "तीच आहे हो, फक्त कंपनी वेगळी" असं म्हणून आपण दुसरी स्ट्रिप देतो. अनुसूची एच आणि एक्स (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी याद्या) यांमधल्या औषधाच्या जागी दुसरं काही देऊ नये, आतलं द्रव्य तेच असलं तरी, असं औषध नियमावलीतला नियम ६५ (११अ) सांगतो. किती जण पाळतात ते विचारू नका.

तिसरं, संवाद-नाट्य घ्यावं असं मनात आहे: एक जण ग्राहक, एक जण काउंटरवर.

तुम्हाला काय वाटतं? इथे काही ऑटिस्टिक सदस्य आहेत, पालक आहेत, डॉक्टर आहेत. मनमोकळं लिहा.

शांत_कोपरा

मी ऑटिस्टिक आहे, निदान तिशी उलटल्यावर झालं. वाचनखूण साठवली. सुचेल तसं लिहितो.

संवाद-नाट्य नको. म्हणजे "ऑटिस्टिक ग्राहक" कोणी नटून दाखवू नये. हात फडफडवणं, नजर चुकवणं, आणि सगळे हसणार. हे मी ऑफिसातल्या एका कार्यशाळेत पाहिलंय. त्याऐवजी असं करा: एकानं कागदावर औषधाची सूचना लिहायची आणि दुसऱ्यानं त्यातलं अक्षरन् अक्षर पाळायचं, मनानं काही भरायचं नाही. सूचनेतली भोकं आपोआप दिसतील आणि नक्कल कोणाचीच होणार नाही.

आता माझ्याबद्दल. दुकानात मिणमिणणारी ट्यूब, तीन बाजूंनी तीन माणसांचा आवाज, मागे फोन वाजतोय, आणि या सगळ्यात मला विचारतात, "काय, बरं वाटतंय ना?" मी "हो" म्हणतो. ते खरं असतं म्हणून नाही, तर "हो" म्हटलं की प्रश्न संपतात म्हणून. पोटात मळमळ आहे की भूक आहे, छातीत धडधड आहे की भीती, हे मला स्वतःलाच लगेच कळत नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं असं असतं. पण "गेल्या आठवड्यात रात्री उठून बसावं लागलं का? किती रात्री?" असं विचारलं तर मी नीट सांगू शकतो, कारण ते मोजता येतं. सोबत कोणी असलं तरी हे मलाच विचारा.

"जेवणानंतर" बद्दल: काही दिवस मी दुपारी जेवतच नाही. मग ती गोळी घ्यायची की नाही? मी घेत नव्हतो. कोणी विचारलंही नाही.

"लागली तर" हा तर कहरच आहे. डोकं किती दुखलं म्हणजे लागली? मला असं लिहून द्या: "डोकं इतकं दुखत असेल की स्क्रीनकडे बघवत नाही, तर एक गोळी. पुढची हवी असेल तर ६ तासांनंतरच. २४ तासांत ४ पेक्षा जास्त नाहीत. सर्दीच्या गोळीतही हेच औषध असतं, ती सोबत घेऊ नका." पॅरासिटामोल ६५० ची ही सूचना मला एका फार्मासिस्टनं खरंच लिहून दिली होती. तो कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

आणि कृपा करून "झोपेच्या गोळ्या कोणाच्या?" असं दुकानभर ओरडू नका.

काउंटर_नं_१

ताई, विषय चांगला आहे, पण जरा आमच्या दुकानात संध्याकाळी सात ते नऊ उभ्या राहा. एका वेळी आठ माणसं, त्यातली पाच व्हॉट्सअपवर चिठ्ठीचा फोटो दाखवणार, दोन डिस्काउंटवरून वाद घालणार. ऑनलाइनवाल्यांनी मार्जिन खाल्लंय. शिकवलेला मुलगा सहा महिन्यांत शेजारच्या दुकानात जातो. आणि समजा, मी विचारलं "तुम्ही ऑटिस्टिक आहात का?" तर ग्राहक माझ्या कानाखाली काढेल.

नियमाचं म्हणाल तर जी कंपनी डॉक्टरांनी लिहिली ती स्टॉकिस्टकडेच नसेल तर मी काय करू? रिकाम्या हातानं पाठवलं तर फिट्सचा पेशंट रात्री बिनगोळीचा राहणार.

मला एक मिनिटात काय करता येईल ते सांगा. त्यापुढचं व्याख्यान झालं.

गुळवेल

@काउंटर_नं_१, भाऊ, तुमच्यासारखेच समोर बसणार आहेत, त्यामुळे हा प्रतिसाद सोन्याचा.

"तुम्ही ऑटिस्टिक आहात का" हे विचारायचंच नाही. तिशी-चाळिशीतल्या कितीतरी जणांचं निदानच झालेलं नाही, झालेलं असलं तरी ते आपल्याला सांगायला बांधील नाहीत. वेळ आकड्यात सांगणं, सूचना लिहून देणं, बदल आधी कळवणं, हे सगळ्यांनाच करा. आजीलाही उपयोग आहे.

एक मिनिटातलं म्हणाल तर काउंटरवरच्या मुलाला मी तीनच गोष्टी सांगणार. स्ट्रिप कापताना औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख ग्राहकाकडे जाणाऱ्या तुकड्यावर राहील असं काप. कंपनी वेगळी असेल तर पिशवीत टाकण्याआधी तोंडासमोर धरून दाखव आणि फार्मासिस्टला हाक मार. आणि कोणी चिठ्ठीशिवाय खोकल्याचं, सर्दीचं, अंगदुखीचं मागितलं तर एकच प्रश्न: "रोजची कुठली गोळी चालू आहे का?" उत्तर "हो" आलं की पुन्हा फार्मासिस्ट.

फार्मासिस्टनं पुढे काय करायचं यासाठी मात्र वेळ काढावाच लागेल. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये ग्राहकाला समजावून सांगणं हे आपलं काम म्हणूनच लिहिलंय, उपकार म्हणून नाही.

डॉ_वारणा

मी मानसोपचारतज्ज्ञ. गुळवेलताई, "रोजची कुठली गोळी चालू आहे का" हा प्रश्न एकटा दीड तासाच्या तोडीचा आहे. का ते सांगतो.

चिंता किंवा नैराश्यासाठी एसएसआरआय गटातली गोळी (एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन वगैरे) चालू असलेल्या माणसाला कोरड्या खोकल्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सिरप दिलं, किंवा कंबरदुखीला ट्रामाडोल दिलं, तर सिरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढून थरथर, घाम, ताप, गोंधळ होऊ शकतो. ट्रामाडोलनं फिट्सचा धोकाही वाढतो, आणि ऑटिस्टिक लोकांत फिट्सचं प्रमाण मुळात जास्त. ट्रामाडोल अनुसूची एच-१ मधलं आहे, ते चिठ्ठीशिवाय द्यायचंच नसतं, पण सिरप बिनबोभाट जातं.

त्याच गटातलं फ्लुवोक्सामिन चालू असेल तर टिझानिडीन अजिबात नको. रक्तदाब धाडकन खाली येतो. आपल्याकडे पाठदुखीच्या मिश्र गोळ्यांत टिझानिडीन सर्रास असतं. याच फ्लुवोक्सामिनमुळे कॉफीतलं कॅफिन शरीरात फार वेळ रेंगाळतं. झोप येत नाही म्हणून माणूस मेलाटोनिन मागायला येतो, आणि त्याचंही प्रमाण रक्तात कितीतरी पट वाढतं. लॅमोट्रिजीन (फिट्सची गोळी) चालू असताना व्हॅल्प्रोएटची (हीही फिट्सचीच) भर पडली तर लॅमोट्रिजीनची पातळी साधारण दुप्पट होते. अशा माणसानं अंगावर पुरळ आलंय म्हणून मलम मागितलं तर मलम देऊ नका, ती गोळीचीच गंभीर रिअॅक्शन असू शकते, डॉक्टरकडे त्याच दिवशी पाठवा.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उतरंडीची. रिस्पेरिडोननं हातपाय ताठरतात, म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल. त्यानं तोंड कोरडं आणि पोट जाम, म्हणून रेचक. त्यात सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, म्हणजे आणखी कोरडेपणा, गुंगी, विसरभोळेपणा. पोट दुखतंय हे सांगता येत नाही म्हणून माणूस चिडतो, डोकं आपटतो. घरचे म्हणतात "वागणं बिघडलं", आणि रिस्पेरिडोन वाढवलं जातं. आमच्याच धंद्यातल्यांकडून होतं हे, नाकारत नाही. याच औषधांनी होणारी एक विचित्र अस्वस्थता असते, अकॅथिझिया. माणूस एका जागी बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. ऑटिस्टिक माणूस तसाही येरझाऱ्या घालत असला तर ती ओळखूच येत नाही. डोस वाढवल्यानंतर येरझाऱ्या वाढल्या का, एवढं दुकानातून विचारलं गेलं आणि आम्हाला फोन आला तरी खूप.

आणखी एक: "स्टॉक संपलाय, परवा या" हे फिट्सच्या गोळ्यांबाबत चालत नाही. व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम अचानक तुटलं तर फिट येऊ शकते. मिळत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. पाच मिनिटं जातील, जाऊ द्या.

आईसाहेब_ठाणे

डॉक्टर, पोटाचं जे लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. आमचा मुलगा २६ वर्षांचा, मोजकंच बोलतो. त्याचं डोकं आपटणं आणि पोट यांचा संबंध लागायला आम्हाला फार वेळ लागला.

माझा अनुभव गोळीच्या रंगाचा. त्याची फिट्सची गोळी वर्षानुवर्षं गुलाबी. एकदा दुकानातून पांढरी आली. बिलावर नाव वेगळं होतं, पण मी घाईत पाहिलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यानं ती घेतलीच नाही. तोंडात ठेवायचा आणि नंतर खिडकीबाहेर. आम्हाला कळलं ते फिट आल्यावर. त्याच्या दृष्टीनं ती त्याची गोळी नव्हतीच, आणि अनोळखी गोळी खाऊ नये हे आम्हीच त्याला शिकवलेलं!

दुसरं, गिळत नाही म्हणून गोळी कुटून शिऱ्यात, श्रीखंडात घालणाऱ्या आया कितीतरी आहेत. सीआर, एसआर लिहिलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या कुटायच्या नसतात, बारा किंवा चोवीस तासांचं औषध एकदम अंगात जातं, हे मला दुकानात कधीच कोणी सांगितलं नाही. "गिळता येते ना?" एवढं विचारलं असतं तर पुरलं असतं. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या, पातळ औषध असे पर्याय असतात हेही नंतर समजलं.

एका बाबतीत मात्र माझा @शांत_कोपरा यांच्याशी मतभेद आहे. दुकानदारानं फक्त मुलाशीच बोलावं असं नाही चालणार. तो प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतो. "दोन गोळ्या घेतल्यास?" हो. "नाही घेतल्यास?" हो. मला सांगितलंच पाहिजे.

शांत_कोपरा

आईसाहेब, फक्त त्याच्याशीच बोला असं मी म्हणत नाही. आधी त्याच्याशी बोला. मी बहिणीसोबत गेलो की माझी गोळी, माझे पैसे, आणि दुकानदार तिला विचारतो, "यांना साखर आहे का?" मी तिथेच उभा असतो.

"हो-नाही"च्या प्रश्नांवर तुमच्या मुलाचं उत्तर भरवशाचं नाही, तर मग तसे प्रश्न विचारूच नयेत. दोन गोळ्या समोर ठेवून "रोजची कुठली?" असं विचारलं तर तो बोट दाखवेल ना?

आईसाहेब_ठाणे

बोट नक्की दाखवेल. हे पटलं. पण तरीही मला सांगा म्हणजे सांगाच. आई आहे मी.

खवट

हल्ली ज्याला त्याला ऑटिझम. आमच्या वेळी माणूस "जरा विक्षिप्त" असायचा आणि मेडिकलवाला पुडीत गोळ्या बांधून द्यायचा. कोणी मेलं नाही.

शांत_कोपरा

मेलेले प्रतिसाद द्यायला येत नाहीत, खवटकाका.

लीड्सकर

:D

मी इंग्लंडात फार्मासिस्ट आहे, मूळचा मिरजेचा. खवट यांना उत्तर म्हणून नाही, पण इथली एक खरी घटना सांगतो. ऑलिव्हर मॅकगोवन नावाचा १८ वर्षांचा मुलगा होता, ऑटिस्टिक, फिट्सही होत्या. अँटिसायकोटिक (रिस्पेरिडोनच्या गटातल्या) औषधांचा आधी त्रास झालेला, म्हणून ती देऊ नका असं त्यानं आणि आईवडिलांनी सांगितलं होतं. तरी २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात त्याला त्याच गटातलं ओलान्झापीन दिलं गेलं. न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम (या औषधांची जीवघेणी रिअॅक्शन) होऊन तो गेला. त्याच्या आईनं, पॉला मॅकगोवन यांनी, मग लढा दिला. २०२२ च्या आरोग्य कायद्यानं इंग्लंडातल्या नोंदणीकृत आरोग्य आणि देखभाल संस्थांना कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेचं प्रशिक्षण देणं सक्तीचं केलं. त्या प्रशिक्षणाला ऑलिव्हरचंच नाव आहे. गंमत अशी की कोपऱ्यावरच्या औषध दुकानाची नियामक संस्था वेगळी, त्यामुळे ती सक्ती त्याला थेट लागू होत नाही.

प्रशिक्षणाचा ऑनलाइन भाग दीड तासाचा. खरं सांगू? तो लोक एका हातात चहा धरून पुढे-पुढे ढकलतात. लक्षात राहतो तो दुसरा भाग, ज्यात ऑटिस्टिक माणूस स्वतः शिकवायला असतो. गुळवेल, तुमच्या दीड तासातली निदान वीस मिनिटं अशा कोणाला तरी द्या. मानधनासकट.

कंपनी बदलण्याबद्दल: इथल्या एमएचआरए या औषध नियामकानं फिट्सच्या औषधांचे गट पाडलेत. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल यांसारख्या पहिल्या गटात रुग्णाला त्याच कंपनीची गोळी सतत मिळावी असं म्हटलंय. दुसऱ्या गटात कंपनी कायम ठेवायची का ते डॉक्टरांनी रुग्णाशी बोलून ठरवायचं, तिसऱ्यात बदल सहसा चालतो, पण २०१७ मध्ये त्यांनी मुद्दाम आठवण केली की गोळीचं नाव, वेष्टन, रूप, चव बदलल्यानं गोंधळ होतो, आणि रुग्णाला सोबत ऑटिझम असेल तर त्या अडचणीचा विचार करावा. आईसाहेबांची गुलाबी गोळी म्हणजे हेच. हा हट्ट नव्हे, औषधाच्या सुरक्षिततेचा भाग आहे, असं नियामकच म्हणतोय.

पातळ औषधावरून आठवलं. रिस्पेरिडोनच्या द्रावणाच्या मूळ कंपनीच्या माहितीपत्रकात ते पाणी, कॉफी, संत्र्याचा रस किंवा कमी स्निग्धांशाच्या दुधात मिसळता येतं असं दिलंय, पण चहा आणि कोलात मिसळू नये. मराठी घरात औषध लपवायला पहिली वस्तू कुठली हाताशी येते ते सांगायला नको. मात्र लपवून देणं हा वेगळाच, मोठा प्रश्न आहे. इथे तसं परस्पर करता येत नाही.

अवांतर: इथे २०१६ पासून 'स्टॉम्प' नावाची मोहीम आहे, बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेल्यांना नको इतकी औषधं देणं थांबवायला. त्याच्या आदल्या वर्षी सरकारी आरोग्य यंत्रणेनं अंदाज काढला होता: इंग्लंडात कुठल्याही एका दिवशी बौद्धिक अक्षमता असलेल्या ३० ते ३५ हजार प्रौढांच्या चिठ्ठीवर योग्य कारणाशिवाय अँटिसायकोटिक, अँटिडिप्रेसंट किंवा दोन्ही असतात. त्यामुळे "गोळी वेळेवर घेतोस ना?" याच्या जोडीला "ही कशासाठी आहे, तुला माहीत आहे का?" हाही प्रश्न प्रशिक्षणात असू द्या. उत्तर कोणालाच देता आलं नाही तर ती चिठ्ठी डॉक्टरांकडे परत जायला हवी.

अर्धविराम

लपवून देण्याबद्दल लीड्सकरांना अनुमोदन. एकदा जेवणात औषध सापडलं की पुढे जेवणावरचाच विश्वास उडतो. आमच्यासारख्यांच्या आधीच मोजक्या असलेल्या पदार्थांतून आणखी एक कमी.

मी ऑटिस्टिक आणि एडीएचडी, दोन्ही. राहते कोकणात. माझी एडीएचडीची गोळी मिथाइलफेनिडेट, म्हणजे अनुसूची एक्स. त्याचा परवाना वेगळा, चिठ्ठी दोन प्रतींत, एक प्रत दुकानात दोन वर्षं राहणार. असा परवाना असलेलं दुकान माझ्या गावात नाही, घाट चढून जावं लागतं. तारखा लक्षात ठेवणं हाच ज्या माणसाचा मूळ त्रास, त्यालाच देशातली सगळ्यात कडक तारीखवार पद्धत!

कायदा बदला म्हणत नाही. पण दुकानातल्या माणसाची वागणूक तर त्याच्या हातात आहे? "मॅडम, हे नशेचं असतं, तुम्हाला कशाला लागतं?" हे रांगेतल्या पाच जणांसमोर विचारलं गेलंय मला. त्यानंतर बरेच दिवस मी गेलेच नाही. औषध तुटलं ते स्टॉक संपून नाही, लाज वाटून. नोंदवहीसाठी जे विचारायचं ते कागदावर लिहून माझ्यासमोर सरकवा, मी भरून देते.

आणखी एक विनंती, बायकांच्या वतीनं. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या तरुण मुलीशी गर्भधारणेबद्दल कोणी बोलतच नाही, कारण "ही कुठे लग्न करणारे" असं गृहीत धरलेलं असतं. बाळाला व्यंग आणि विकासात अडथळे येण्याचा धोका मोठा आहे त्या औषधात. बोला, पण बाजूला घेऊन. आणि त्याच वाक्यात "डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका" हेही सांगा, नाहीतर आमच्यातली एखादी घाबरून त्याच रात्री बंद करेल.

डी_फार्म_दुसरं_वर्ष

आम्हाला कम्युनिटी फार्मसीचा विषय आहे, त्यात ग्राहकाशी संवाद वगैरे येतं. पण ऑटिझमचा उल्लेखही नाही आला. प्रॅक्टिकलला आम्ही एकमेकांना मधुमेहाचंच समजावून सांगतो. @गुळवेल मॅडम, विद्यार्थी आले तर चालतील का?

आणि एक शंका. प्रौढ माणसाच्या आईनं विचारलं "यानं काय काय घेतलं सांगा", तर सांगायचं का?

डॉ_वारणा

चांगला प्रश्न, आणि वर आईसाहेबांशी झालेल्या चर्चेची गाठ इथेच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आणि तो कायदा दिव्यांग व्यक्तीला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता आहे असं धरून चालतो. मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. नॅशनल ट्रस्टच्या (ऑटिझम, बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीची सरकारी संस्था) १९९९ च्या कायद्याखाली स्थानिक स्तर समिती प्रौढासाठी पालक नेमू शकते. तशी नेमणूक झालेली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर अठरा वर्षांपुढचा माणूस हा स्वतःचा मालक. त्याला विचारा, "आईला सांगू का?" त्यानं मान हलवली, टाइप करून दाखवलं, चिठ्ठीच आईच्या हातात दिली, काहीही चालेल. अडतं ते तो सगळ्यालाच "हो" म्हणतो तेव्हा. त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. प्रत्येक घराशी आधी बोलून ठरवून ठेवावं लागतं.

आईसाहेब_ठाणे

आमच्या दुकानदाराशी असं ठरवलंय आम्ही. संगणकात मुलाच्या नावापुढे शेरा आहे: "कंपनी बदलू नये. बदल असल्यास आधी मेसेज. गोळी त्याला दाखवून द्यावी." ऑटिझम हा शब्द कुठेच नाही, बिलावरही नाही. मेसेज आम्हा दोघांना जातो, त्याच्या फोनवर फोटोसकट. आता नवी गोळी यायची असेल तर तो आधी फोटो बघतो, जुन्या पाकिटाशेजारी धरतो. दोन दिवस हवे असतात त्याला. मग घेतो.

गुळवेल

हा शेरा मी जसाच्या तसा उचलतेय, आईसाहेब.

@डी_फार्म, या की, वर्गमित्रांनाही आणा. तुमच्यातलेच उद्या काउंटरवर असणार.

बदललेला आराखडा असा. संवाद-नाट्य रद्द, त्याऐवजी शांत_कोपरा यांनी सांगितलेला लिहून-पाळून बघायचा खेळ. चिठ्ठ्या खऱ्या, नावं काढलेल्या. डॉक्टरांची जोड्यांची यादी एका पानावर छापून प्रत्येक काउंटरच्या आतल्या बाजूला. अर्धविराम यांचं कागद सरकवण्याचं मी आमच्याकडे आजपासूनच सुरू केलं. शिवाय दुपारी दोन ते चार "शांत वेळ" ठेवता येईल का हे विचारणार आहे: रेडिओ बंद, एकच माणूस बोलणार. (पुण्यातल्या दुकानांनी ही सोय पिढ्यान्‌पिढ्या आधीपासून केलेली आहे, फक्त शटर खाली ओढून.)

दुष्परिणाम कळवण्याचाही एक कप्पा घालतेय. फार्माकोव्हिजिलन्सचा (औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी नोंद) टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, ग्राहक स्वतःही कळवू शकतो. फोनवर बोलणं नको वाटणाऱ्यांसाठी छापील फॉर्म दुकानात ठेवू.

@शांत_कोपरा, वीस मिनिटं तुम्ही बोलाल का? व्हिडिओ कॉलवर चालेल. मानधन संघटना देईल, मी भांडून घेईन.

शांत_कोपरा

कॉल नको. आधी लिहून देतो, तुम्ही वाचा. प्रश्न लोकांनी चॅटवर विचारावेत, तेव्हाच टाइप करून उत्तरं देईन. सुरुवात किती वाजता, शेवट किती वाजता आणि किती माणसं असतील ते आधी कळवा. वेळ लांबली तर मी ठरलेल्या वेळेला निघेन, राग मानू नये.

काउंटर_नं_१

मी येतोय. पोरांनाही आणतो, दुकान तेवढ्यापुरतं घरची सांभाळतील.

एक व्यवहाराचं सांगा. सूचना लिहून द्यायची म्हणता, पण माझं अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट. बिलाच्या थर्मल प्रिंटरवर मराठी चिकटपट्टी छापता येते का? आमच्या सॉफ्टवेअरमधून मराठी टाकलं की चौकोन येतात.

अर्धविराम

प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो म्हणून चौकोन. मजकूर चित्र म्हणून पाठवला की नीट छापतो. मी नमुना बनवून दिला तर वापराल? असा:

नाव: ........
कशासाठी: फिट येऊ नये म्हणून
सकाळी ८ वाजता: १ गोळी
रात्री ८ वाजता: १ गोळी
जेवलात किंवा नाही, तरी घ्या
चावू नका, कुटू नका
संपायच्या ५ दिवस आधी दुकानात कळवा

डॉ_वारणा

"जेवलात किंवा नाही" ही ओळ प्रत्येक औषधाला लागू नाही, ती जागा रिकामी ठेवा. आणि एक ओळ वाढवा: "घ्यायची राहिली तर: ........" हे औषधागणिक बदलतं, फार्मासिस्टनं हातानं भरावं. दोन डोस एकदम घेऊ नका, एवढं मात्र छापूनच ठेवा.

काउंटर_नं_१

वापरतो. पाठवा. माझा रोल ५८ मिलिमीटरचा आहे, त्यात बसेल असं करा.